आगाऊ

फोनवरची मुलगी फार गोड बोलली.
पूर्ण रक्कम आगाऊ, मिस्टर लाव्हेल,
मग तारीख कळवू.
अकराशे चाळीस युरो.
मी कार्ड डोळ्यांपासून लांब धरून
एकेक आकडा वाचून दाखवला,
मागचे तीनही, जे कुणाला सांगू नयेत म्हणतात.

डिंफ्ना टोस्टला लोणी लावत होती.
थोडा विसार देऊन बघायचं, म्हणाली.
विसार घेत नाहीत, म्हटलं. सगळेच घेतात.

आमच्या बेलमुलेटात
पैसा नेहमी कामाच्या मागून चालत आलाय,
गुरांमागून कुत्रा येतो तसा.
पीट कापणारा मे महिन्यात यंत्र घेऊन यायचा,
माळावर ओल्या काळ्या विटांची रांग पडायची,
त्या आम्ही उलटायच्या, उभ्या करायच्या, पाठीचा काटा ढिला होईस्तोवर,
आणि ऑगस्टात शेड भरली की
तो यायचा, चहा प्यायचा,
मेंढ्यांच्या भावावर अर्धा तास घालवायचा,
आणि उठता उठता, आत्ताच आठवल्यासारखं,
हिशेबाचं काढायचा.
तेव्हा हिवाळा डोळ्यांनी मोजता यायचा.
दार उघडलं की समोर, छताला टेकलेला.

आता तो भिंतीतून येणार.

मार्च गेला.
एप्रिलात ईमेल आला, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.
मोल तर मी भरलंच होतं.
मे महिन्यात एकेचाळीस मिनिटं फोन कानाला,
पियानोवर तीच चार बोटं पुन्हा पुन्हा.
मुलानं आणून दिलेली निळी गाडी अंगणात,
तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर.
रात्रभर पाजली तरी कॅसलबारला पोचण्यापुरती,
परतण्यापुरती नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
डिंफ्नाला वर तिसऱ्या मजल्यावर यंत्राला लावायचे,
गाडीला मी खाली, हॉस्पिटलच्या मागे.
चार तास दोघींना.
मी मधल्या जिन्यावर सँडविच खायचो.

जन्मात आणखी एकाच गोष्टीचे
पूर्ण पैसे मी आगाऊ भरलेत:
टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून,
दोघांपुरती जागा.
तिथेही म्हणाले होते, तारीख नंतर कळेल.
त्यांच्यामागे मात्र मी कधी
फोन घेऊन लागलो नाही.

जुलैच्या एका सोमवारी, न कळवता, एडवाल्डो आला.
गोर्टचा पोरगा, आईबाप ब्राझीलहून
मांसाच्या कारखान्यात आलेले.
माझ्या बापाच्या दोन फुटी दगडी भिंतीनं
त्याची दोन पाती मोडली.
तिसऱ्यानं पलीकडचा उजेड दिसला
तेव्हा त्यानं देवाचं नाव घेतलं, मीही घेतलं,
भाषा वेगवेगळ्या.

संध्याकाळी पेटीवर हिरवा ठिपका लागला.
त्यानं हात पुसले. चहा घेतला.
माझा हात सवयीनं खिशात गेला
आणि तिथंच थांबला.
द्यायला काहीच उरलं नव्हतं.
काम संपल्यावर असं रिकामं उभं राहणं
मला कधी शिकवलंच नव्हतं कुणी.
सहा अंडी दिली. पुढच्या सीटवर ठेवून गेला.

बाप जत्रेत कालवड विकायचा
तेव्हा पैसे मोजून घेतल्यावर त्यातलं एक नाणं
थुंकी लावून परत घेणाऱ्याच्या हातावर ठेवायचा.
नशिबाचं नाणं.
त्याशिवाय जनावर नव्या गोठ्यात रुजत नाही म्हणत.

कंपनीला कोण सांगणार?
मी दोन युरोचं नाणं काढलं, थुंकलो,
त्यांच्या वतीनं डाव्या हातातून
माझ्याच उजव्या हातात दिलं,
आणि त्यांच्या वतीनंच म्हणालो, लाभो.

डिंफ्ना खिडकीतून सगळं बघत होती,
आता मोकळ्या झालेल्या, नीट बंद होणाऱ्या खिडकीतून.
काच वर करून म्हणाली,
आगाऊ कुठला.
आत ये. उद्या मंगळवार आहे.